उंबरठ्यावरचे पाणी

देवाच्या दारी आलेला माणूस आत जाण्यापूर्वी क्षणभर थांबतो. पादत्राणे काढून ठेवतो, हातपाय धुतो, कोठे चूळ भरतो, कोठे डोके झाकून घेतो. धर्म कोणताही असो, देश कोणताही असो, ही कृती बहुतेक ठिकाणी या ना त्या रूपात आढळते. ती इतकी सवयीची झालेली असते, की तिचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अंग मळले आहे म्हणून पाणी घ्यावे, तर घरून नुकतेच स्नान करून निघालेला माणूसही देवळाच्या पायरीशी पुन्हा पायांवर पाणी घेतो. तेव्हा हे पाणी केवळ मळ धुण्यासाठी नाही, हे उघड आहे. मग ते काय धुते? आणि जे धुतले जाते, ते माणसाला चिकटते कोठून? या दोन प्रश्नांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

पहाडगंजच्या आसपास

या विचाराला आरंभ करण्यासाठी दिल्लीतील पहाडगंज ही जागा सोयीची आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेली ही वस्ती मोगल काळात शहराच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजापलीकडे होती आणि तेथे धान्याचा मोठा बाजार भरत असे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. आज लहानमोठ्या हॉटेलांची आणि देशोदेशींच्या प्रवाशांची वस्ती म्हणून ती ओळखली जाते. दिल्लीतील मराठी माणसांनाही हा भाग परका नाही. नूतन मराठी विद्यालय याच परिसरात आहे. या वस्तीला मध्य धरून तीनचार किलोमीटरांचे वर्तुळ काढले, तर त्याच्या आत शुद्धीच्या निरनिराळ्या परंपरा शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

वर्तुळाच्या दक्षिणेकडे गुरुद्वारा बंगला साहिब आहे. येथे पूर्वी मिर्झाराजे जयसिंग यांची हवेली होती. १६६४ साली शिखांचे आठवे गुरू हरकिशन हे या हवेलीत उतरले होते. त्या वेळी दिल्लीत देवीची साथ पसरली होती. वयाने अवघे सात वर्षांचे असलेले गुरू हवेलीतील विहिरीचे पाणी आजाऱ्यांना देत, अशी परंपरा सांगते. पुढे त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. १७८३ साली सरदार बघेलसिंग यांनी येथे गुरुद्वारा उभारला. आज दर्शनाला येणारा प्रत्येक जण जोडे ठेवून, हात धुऊन, प्रवेशाशी असलेल्या उथळ पाण्यातून पाय बुडवीत आत जातो आणि डोक्यावर वस्त्र घेतो. विहिरीचे पाणी भाविक अमृत म्हणून प्राशन करतात, बाटलीत भरून घरी नेतात. या पाण्याच्या पावित्र्यामागे सेवेची आठवण आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जात, धर्म, देश न विचारता येणाऱ्या प्रत्येकाला हेच पाणी आणि लंगरात हीच पंगत मिळते.

वर्तुळाच्या पूर्वेस जामा मशीद आहे. शाहजहानच्या आज्ञेवरून तिचे बांधकाम १६५० साली सुरू झाले आणि १६५६ साली पूर्ण झाले. तिच्या विस्तीर्ण प्रांगणाच्या मध्यभागी पाण्याचा हौद आहे. नमाजापूर्वी भाविक तेथे वजू करतात. तोंड धुणे, कोपरापर्यंत हात धुणे, ओला हात डोक्यावरून फिरवणे आणि घोट्यापर्यंत पाय धुणे ही वजूची प्रमुख अंगे होत. हा विधी कुराणातच सांगितलेला आहे. त्याच ठिकाणी आणखी एक तरतूद आहे. पाणी मिळत नसेल तर स्वच्छ मातीला हात लावून ते तोंडावरून व हातांवरून फिरवावे. तेवढ्याने शुद्धी होते. यास तयम्मुम म्हणतात. मातीने मळ जात नाही, हे सर्वांनाच माहीत आहे. तरीही मातीने शुद्धी होते, याचा अर्थ शुद्धीचा मुख्य भाग शरीराच्या स्वच्छतेत नसून मनाच्या सिद्धतेत आहे. चिन्हाचे सामर्थ्य कसे चालते, हे या एका तरतुदीवरून चांगले कळते.

जपानमधील शिंतो देवस्थाने

उंबरठ्यावरील शुद्धीचा हा विचार सर्वांत रेखीव स्वरूपात पाहावयाचा असेल तर जपानमधील शिंतो देवस्थानांकडे वळले पाहिजे. शिंतो हा जपानचा प्राचीन धर्म. त्याला संस्थापक नाही आणि एकच एक असा प्रमाणग्रंथही नाही. पर्वत, झाडे, झरे, वारा, पूर्वज या सर्वांत वास करणाऱ्या दिव्य शक्तींना ‘कामी’ असे म्हणतात. त्यांच्या सान्निध्यात जाताना माणसाने शुद्ध असावे, हा या धर्माचा गाभा आहे.

देवस्थानाच्या वाटेवर प्रथम लागते ती ‘तोरी’ नावाची कमान. दोन उभे खांब आणि त्यांवर दोन आडव्या तुळया, एवढीच तिची रचना. तिला दार नसते, भिंत नसते. तिच्या डावीउजवीकडून सहज पुढे जाता येते. तरीही भाविक तिच्यातूनच जातो आणि जाताना किंचित वाकतो. लौकिक जग येथे संपले आणि देवाचे आवार सुरू झाले, एवढेच ती सांगते. सांचीच्या स्तूपाची तोरणे पाहिलेल्या भारतीयाला ही कमान ओळखीची वाटते. ‘तोरी’ आणि ‘तोरण’ या शब्दांचा संबंध असावा, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. परंतु त्यावर एकमत नाही. आपल्या दारावरील आंब्याच्या पानांचे तोरणही हेच काम करते, एवढे मात्र म्हणता येईल. पवित्र झाडाभोवती किंवा देवळाच्या दर्शनी भागावर भाताच्या पेंढ्याचा पीळदार दोर बांधलेला असतो. त्यास ‘शिमेनावा’ म्हणतात. त्याला नागमोडी घडीच्या पांढऱ्या कागदी पट्ट्या लटकवलेल्या असतात. आतील जागा कामीची आहे, अशी ती खूण होय.

तोरीच्या पुढे गेल्यावर वाटेच्या कडेला एक लहानसा मांडव लागतो. त्याखाली दगडी टाके असते आणि त्यावर लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या असतात. येथील विधीला ‘तेमिझू’ म्हणजे हातावरचे पाणी असे म्हणतात. उजव्या हाताने पळी भरून घेऊन डावा हात धुवावा. मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवावा. पुन्हा पळी उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओतावे व त्याने चूळ भरावी. डावा हात पुन्हा एकदा धुवावा. शेवटी पळी उभी धरून उरलेले पाणी दांड्यावरून ओघळू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. हे सर्व एकाच पळीभर पाण्यात करावयाचे असते. आपल्याकडील आचमनाची पळी आणि तिच्यातील मोजके पाणी यांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. दांडा धुण्याची शेवटची पायरी विशेष अर्थपूर्ण आहे. स्वतः शुद्ध झालेल्या माणसाने पुढच्यासाठी जागा शुद्ध करून ठेवावी, असा संस्कार तीत आहे. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा अनेक देवस्थानांनी या पळ्या काढून ठेवल्या आणि वाहत्या पाण्याच्या धारेची सोय केली. चिन्ह टिकले, साधन बदलले.

केगारे आणि तिची उत्पत्ती

हे पाणी जे धुते, त्याला जपानी भाषेत ‘केगारे’ म्हणतात. मराठीतील ‘विटाळ’ हा शब्द तिच्या बराच जवळचा आहे. केगारे म्हणजे पाप नव्हे. चोरी किंवा खोटेपणा केल्याने ती येते असे नाही. मृत्यू, रक्त, रोग यांच्या संसर्गाने ती चिकटते. एका व्युत्पत्तीनुसार या शब्दाचा अर्थ ‘जीवनशक्तीचे सुकणे’ असा होतो. ज्याच्या घरी मरण आले त्याची जीवनशक्ती ओसरलेली असते. ती पुन्हा भरून यावी म्हणून शुद्धी, असा विचार त्यामागे दिसतो.

या कल्पनेचे मूळ ७१२ साली लिहिल्या गेलेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथातील एका कथेत आहे. इझानागी आणि इझानामी हे आदिदांपत्य. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी मरण पावली. शोकाने व्याकूळ झालेला इझानागी तिला परत आणण्यासाठी मृतांच्या लोकात गेला. पाहू नको असे तिने विनवले असतानाही त्याने दिवा पेटवून पाहिले, तो तिचे शरीर कुजलेले होते. तो भयाने पळत सुटला आणि बाहेर येताच एका नदीच्या मुखाशी त्याने स्नान केले. डावा डोळा धुतला तेव्हा सूर्यदेवता आमातेरासू प्रकटली, उजवा डोळा धुतला तेव्हा चंद्रदेव, आणि नाक धुतले तेव्हा वादळाचा देव सुसानोओ. मृत्यूचा विटाळ धुताना सूर्य जन्माला येतो, ही कल्पना विलक्षण आहे. नदीत, समुद्रात किंवा धबधब्याखाली उभे राहून करावयाच्या शुद्धिस्नानाला ‘मिसोगी’ म्हणतात. त्याचे मूळ याच कथेत मानले जाते.

व्यक्तीप्रमाणेच समाजाचीही शुद्धी होते. जूनच्या आणि डिसेंबरच्या अखेरीस अनेक देवस्थानांत महाशुद्धीचा विधी होतो. माणसाच्या आकाराची कागदी आकृती अंगावरून फिरवून, तिच्यावर फुंकर मारून देवस्थानात दिली जाते. आपल्याकडे दृष्ट काढताना उतारा ओवाळून टाकतात, त्याच्याशी हिचे साम्य उघड आहे. त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन प्रार्थनेत असे वर्णन आहे, की नदीची देवता सर्व दोष समुद्रात वाहून नेते, समुद्राची देवता ते गिळते, वाऱ्याचा देव ते पाताळात फुंकून देतो आणि तेथील देवता ते कोठे तरी हरवून टाकते. दोष कोणा एकाच्या माथी राहत नाही, हा या प्रार्थनेचा आशय आहे. इसे येथील महादेवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर संपूर्ण नव्याने बांधतात. ही प्रथा ६९० साली सुरू झाली, असे परंपरा मानते. बासष्टावे नवनिर्माण २०१३ साली झाले.

महाराष्ट्रातील सोवळे आणि सुतक

मराठी वाचकाला यांपैकी बरेच काही घरचेच वाटेल. पूजेपूर्वी स्नान, सोवळ्याचा मुकटा, पळी-पंचपात्र, आचमन, देवळाच्या दारातील कासव आणि घंटा ही सर्व उंबरठा ओलांडण्याची चिन्हे आहेत. पंढरपूरला गेलेला वारकरी आधी चंद्रभागेत स्नान करतो, पुंडलिकाचे दर्शन घेतो, नामदेवाच्या पायरीला माथा टेकतो आणि मग विठ्ठलाकडे जातो. इसे येथील यात्रेकरूही इसुझू नदीच्या काठी हात धुऊन पुढे जातात. क्रम जवळजवळ तोच आहे: नदी, वाट, दार, देव.

विटाळाची कारणेही मिळतीजुळती आहेत. आपल्याकडे जन्माचे सोयर आणि मृत्यूचे सुतक सामान्यतः दहा दिवस पाळले जाते. त्या काळात घरातील माणसे देवळात जात नाहीत, देवपूजा करीत नाहीत. जपानमध्येही घरात मृत्यू झालेली माणसे काही काळ देवस्थानात जाण्याचे टाळतात. अंत्यविधीहून परतल्यावर अंगावर मीठ टाकून घेण्याची चाल तेथे आहे.

सुतकाची दोन लक्षणे येथे ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे, की ते सर्वांना येते. राजा असो वा रंक, ज्याच्या घरी मरण येईल त्याला सुतक. दुसरे असे, की ते संपते. अकराव्या दिवशी स्नान करून माणूस पुन्हा आपल्या जागी येतो. शोकाच्या काळात माणसाला व्यवहारातून थोडे बाजूला घ्यावे आणि मुदत संपताच मानाने परत बोलवावे, असा त्यात एक प्रकारचा शहाणपणाही आहे. शुद्धीचे चिन्ह या दोन अटींवर उभे असते: दोष तात्पुरता असला पाहिजे, आणि तो धुण्याचा अधिकार ज्याचा त्याला असला पाहिजे.

न धुतला जाणारा विटाळ

या अटी मोडल्या की चिन्हाची भिंत होते. महाराष्ट्राच्या इतिहासात ही भिंत फार जुनी आहे. ज्या पंढरीत लाखो लोक शुद्ध होण्यासाठी जातात, तेथेच संत चोखामेळ्याला मंदिरात प्रवेश नव्हता. त्याची समाधी महाद्वारासमोर, उंबरठ्याच्या बाहेर आहे. मृत जनावरे ओढणे, गाव झाडणे अशी कामे समाजाने ज्यांच्यावर लादली, त्यांच्या अंगी त्या कामांचा विटाळ जन्मभर आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटला, असे मानले गेले. सुतकाला अकरावा दिवस होता; या विटाळाला तो नव्हता.

महाडच्या चवदार तळ्याची घटना या दृष्टीने फार बोलकी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण केली. पुढे सनातनी मंडळींनी गोमूत्र, शेण, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून पाण्याची ‘शुद्धी’ केली. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, तेथे माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते, असे या विधीने जाहीर केले. एरवी पाणी माणसाला शुद्ध करते. येथे माणसापासून पाण्याची शुद्धी केली गेली. शुद्धीची कल्पना किती उलटी होऊ शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. तळ्याविषयीचा न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले. दहा दिवसांनी त्याला यश आले. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे सतरावे कलम त्यानंतर आले.

पहाडगंजच्या पश्चिमेस, मंदिर मार्गावर, या इतिहासाच्या दोन खुणा जवळजवळ उभ्या आहेत. लक्ष्मीनारायण मंदिर, ज्याला लोक बिर्ला मंदिर म्हणतात, त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी १९३९ साली केले. सर्व जातींच्या लोकांना प्रवेश असेल, या अटीवर त्यांनी ते मान्य केले होते. त्याच मार्गावर वाल्मीकी मंदिर आहे. सफाई कामगारांच्या तेथील वस्तीत गांधीजी १९४६-४७ या काळात दोनशेहून अधिक दिवस राहिले. देशाचे नेते आणि परदेशी पाहुणे त्यांना भेटण्यासाठी त्या वस्तीत येत. ज्यांना शहर अशुद्ध समजत होते, त्यांच्या दारी शहराला यावे लागले.

जपानचा इतिहासही या डागापासून मुक्त नाही. चामड्याचे काम करणारे, जनावरे कापणारे, प्रेते हाताळणारे लोक तेथेही वेगळ्या वस्त्यांत राहत. ‘पुष्कळ विटाळ असलेले’ अशा अर्थाच्या शब्दाने त्यांचा उल्लेख होई. १८७१ सालच्या आदेशाने त्यांचा हा हीन दर्जा कायद्याने संपला, पण सामाजिक वागणूक तशीच राहिली. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे त्यांनी ‘सुइहेशा’ ही समतेची संघटना स्थापन केली. क्योटो आणि महाड यांमध्ये हजारो किलोमीटरांचे अंतर आणि पाच वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच होता.

स्त्रियांच्या बाबतीतही हीच अडचण दिसते. मासिक पाळीला विटाळ मानून स्त्रीला बाजूला बसवण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर होती; जपानच्या काही भागांत त्यासाठी वेगळ्या झोपड्या असत. ओकिनोशिमा हे जपानमधील पवित्र बेट २०१७ साली जागतिक वारसा ठरले, परंतु स्त्रियांना तेथे परंपरेने प्रवेश नाही. अहमदनगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर मात्र आंदोलनानंतर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१६ साली स्त्रियांना प्रवेश मिळाला.

पाण्याचे देणे

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. शुद्धी देणारे पाणीच आज अशुद्ध झाले आहे. दिल्लीतून वाहणारा यमुनेचा, वजीराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरांचा टप्पा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण नदीतील प्रदूषणाचा फार मोठा भाग तेथेच तिच्यात मिसळतो. आषाढीच्या वारीनंतरची चंद्रभागाही याच अवस्थेची साक्ष देते. नदी सर्व दोष समुद्राला नेऊन देते आणि ते तेथे हरवतात, ही प्राचीन श्रद्धा सांडपाण्याला लागू पडत नाही. तो मळ कोणाच्या तरी विहिरीत, कोणाच्या तरी घशात जातो. आणि तो उपसण्यासाठी गटारात उतरणारा माणूस आजही बहुधा त्याच समाजातला असतो, ज्याला एके काळी विटाळाचे कारण दाखवून दाराबाहेर ठेवले गेले होते.

शुद्धीचे विधी टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नाही. उंबरठ्याशी थांबणे, हात धुणे, मनातील कोलाहल क्षणभर शांत होऊ देणे यांची गरज माणसाला पुढेही राहील. मात्र प्रत्येक विधीला एक प्रश्न विचारता येतो: या पाण्याने माणूस आत घेतला जातो, की बाहेर ठेवला जातो? जपानी देवस्थानातील भाविक स्वतःचे हात धुऊन झाल्यावर पळीचा दांडा पुढच्यासाठी धुऊन ठेवतो. त्याच्यामागे कोण उभे आहे, हे तो वळून पाहत नाही.